निळ्या चिमट्यांचा कुंज

बाबांचा शेवटचा साधा दिवस सुरू झाला तो चिमट्यांवरून.

सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली, तर टोपलीत एकही निळा चिमटा नाही. लाल होते, पांढरे होते, ऊन खाऊन खाऊन कुठलाच रंग न उरलेले होते. निळे तेवढे गायब. आदल्या आठवड्यात शाम्पूच्या बाटलीचं झाकण असंच गेलं होतं. त्याआधी तिचं निळं पेन. मिठाच्या डब्याचं निळं झाकण गेल्यापासून मीठ उघडं पडून पाणी धरायला लागलं होतं. चोर घरातलाच होता. तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, वाळक्या काटक्या एका पुठ्ठ्यावर उभ्या करण्याच्या खटपटीत होता.

"बाबा, चादरीला काय लावू?"

"लाल आहेत की," बाबा मान वर न करता म्हणाले. "मादीला लाल चालत नाही."

मादी हा शब्द, सकाळच्या वेळी, गॅलरीचं दार उघडं असताना, आणि शेजारच्या गॅलरीत काकू कुंड्यांना पाणी घालत असताना. तिने आधी दार लावून घेतलं. गेले काही महिने तिचा बराचसा वेळ दारं लावून घेण्यात जात होता.

याचं मूळ फार जुनं होतं. बाबांनी सगळी नोकरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवली. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण दर वर्षी प्रजननाचा धडा आला की ते खडू खाली ठेवत, हात झटकत आणि म्हणत, "हा सोपा आहे, घरी वाचा." मग लगबगीने गांडुळाकडे वळत. गांडुळातही तोच विषय निघाला तर तेवढी आकृती डस्टरने झाकून पुढे जात. अशा पिढ्यान् पिढ्या तो धडा घरी वाचायला घेऊन बाहेर पडल्या. निवृत्तीनंतर एकदा बँकेच्या रांगेत एक जुना विद्यार्थी भेटला. टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप. तो हसत म्हणाला, "सर, तो धडा अजून वाचायचा राहिलाय हं." त्याने गंमत केली होती. बाबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी जाहीर केलं, राहिलेला धडा आता आपण सगळ्यांसमोर शिकवायचा. शेजारच्या सार्वजनिक हॉलमध्ये व्याख्यान. विषय, माणसाचं लैंगिक वर्तन आणि त्याबद्दल उत्क्रांती काय सांगते.

तिला विषयाची लाज नव्हती. ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती आणि त्या विषयावरचं जे जे कपाटात होतं ते तिने बाबांच्या आधी वाचलेलं होतं. ते सिद्धांत न मानणाऱ्यांचंही वाचलं होतं. तिला भीती वाटत होती ती वेगळीच. स्वेटर घातलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला एक म्हातारा माणूस स्टेजवर उभा राहून ते शब्द बोलणार, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसणार. ते हसू तिला ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतानासुद्धा ऐकू येई आणि शिक्का वाकडा पडे. दुसऱ्यांना गप्प बसवण्याचीच तिची नोकरी होती. पण हॉलभर माणसांना गप्प बसवायचा शिक्का अजून निघालेला नव्हता. तिचा स्वतःचा आवाज तर इतक्या वर्षांत एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत पोचण्याइतकाच उरला होता.

बाबांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मादीला अंडं महाग पडतं म्हणून ती पारखून घेते. नराला फारसं काही महाग पडत नाही, म्हणून त्याला मिरवावं लागतं. मोराचं शेपूट त्याच्या जिवावर उठतं, पळताना अडकतं, वाघाला लांबून दिसतं, आणि तरीही तो ते वागवतो. एवढं ओझं घेऊन जगलोय म्हणजे मी धडधाकट आहे, असं त्याला सांगायचं असतं. इथवर ठीक होतं. पण बाबांचा पिंड शिक्षकाचा. उदाहरणाशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि उदाहरणं ते इमारतीतूनच उचलत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पन्नाशी उलटल्यावर लालभडक मोटरसायकल घेतली होती, जिचा आवाज त्यांच्या आधी घरी पोचे. बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते जिन्यातच थांबले आणि समाधानाने म्हणाले, "शेपूट."

हे सेक्रेटरींच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून इमारतीत भीती पसरली. सर व्याख्यान देणार आणि त्यात कोणकोण असणार, हा एकच प्रश्न. केस काळे करणाऱ्यांनी ते दोन आठवडे तसेच पांढरे ठेवून पाहिले. सेक्रेटरी मोटरसायकल मागच्या गल्लीत लावून पायी येऊ लागले. काकू एक दिवस मुद्दाम घरी आल्या आणि तिला स्वयंपाकघरात गाठून दबक्या आवाजात विचारू लागल्या, "माझ्यावर काही आहे का गं त्यात?" ती म्हणाली, नाही काकू, तुमच्यावर काहीच नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला खरा, पण जाताना त्या जरा नाराज दिसल्या.

सूचनाफलकावर लैंगिक हा शब्द लावता येणार नाही, मुलं येता-जाता वाचतात, असं सेक्रेटरींनी कळवलं. बाबा म्हणाले, मग नुसतं 'माणसाचं वर्तन' लिहा. तसं लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत निम्म्या सभासदांची समजूत झाली की हा पार्किंगबद्दलचा इशारा आहे. मग माणूस काढला. मग वर्तन काढलं. शेवटी फलकावर जे झळकलं ते होतं 'पक्ष्यांविषयी चार गोष्टी', आणि शेजारी एक हिरवागार पोपट.

"पोपट कुठून आला?" बाबांनी विचारलं. "माझ्या व्याख्यानात पोपट नाही."

"असू दे सर," सेक्रेटरी म्हणाले. "पोपटावर कोणी हरकत घेत नाही."

हॉलचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. हॉलच्या कारकुनापाशी जो छापील अर्ज होता त्यात लग्न होतं, वाढदिवस होता, शोकसभा होती, प्रदर्शन व विक्री होती. व्याख्यान नव्हतं. 'इतर' होतं, पण 'इतर'ला साहेबांची सही लागे आणि साहेब रजेवर. कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने टेबलावर वाकून आपुलकीने सल्ला दिला, प्रदर्शन व विक्री टाका, त्याला काही अडत नाही. बाबा तत्त्वाचे. ते म्हणाले, मी विकणार काय? कारकून म्हणाला, काही विकलं नाही तरी चालतं, पुष्कळांचं काहीच विकलं जात नाही. मात्र काहीतरी मांडलेलं दिसलं पाहिजे, कधीकधी तपासणीला माणूस येतो.

तिथून कुंजाचा जन्म झाला.

बाबांनी रात्रीच्या जेवणाला सांगितलं की मांडायचं काय ते ठरलं. दूरच्या जंगलात एक कुंजपक्षी असतो. त्याचा नर काटक्यांच्या दोन उभ्या भिंती बांधतो, मध्ये वाट ठेवतो आणि समोर निळ्या वस्तूंचा सडा घालतो. फुलं, पिसं, फळं, बाटल्यांची झाकणं, मिळेल ते, पण निळं. मादी येते, दोन भिंतींच्या मध्ये उभी राहते आणि बाहेर नर जीव तोडून नाचत असतो ते बघते. पटलं तर ठीक, नाहीतर उडून जाते. भाजीची वाटी घेऊन आलेल्या काकूंना हे फार आवडलं. मग दोघं तिथेच राहतात का, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, छे, हे घरटं नव्हे, ही नुसती जाहिरात. काकू वाटी तशीच ठेवून घरी गेल्या. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती.

बाबांना कुंज हवा होता माणूस उभा राहील एवढा. माळी छाटणी करून काटक्या देई आणि बाबा त्या वर आणत. जिन्यात पाचोळा, लिफ्टमध्ये पाचोळा, सेक्रेटरींच्या पायमोज्यांत पाचोळा. पण निळ्या वस्तूंचं आवाहन मात्र इमारतीने मनावर घेतलं. काकूंनी फुटकी बादली दिली. कोणी खेळण्यातली चाकं दिली, कोणी एकच चप्पल. आणि एका संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः वर आले. हातात जुनं निळं हेल्मेट. ते त्यांनी बाबांच्या हाती दिलं आणि दाराकडे बघत म्हणाले, "सर, तेवढं मोटरसायकलचं गाळा."

बाबांनी शब्द दिला. हेल्मेट कुंजाच्या दाराशी सगळ्यांत मानाच्या जागी बसलं.

तालीम रोज पाच वाजता. ती ग्रंथालयातून आली की हातपाय धुऊन सोफ्यावर बसायची आणि बाबा टीव्हीसमोर उभे राहायचे. छडी म्हणून हातात रिमोट. समोर कागद नाही. कागद बघून बोलतो त्याला विषय येत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे व्याख्यान लिहिलेलं कुठेच नव्हतं. ते बाबांच्या डोक्यात होतं, आणि रोज ऐकून ऐकून तिच्या. कुठे ते खोकतात, कुठे थांबून हशाची वाट बघतात, सगळं तिला पाठ झालं होतं. हशाच्या जागी ती इमानाने हसायची, आणि हसता हसता मनात मागची रांग भरायची. बाबा, माणसांचा भाग गाळा, नुसते पक्षी ठेवा, असं ती रोज सांगे. बाबा रोज म्हणत, बघू.

त्या दिवशी, चिमट्यांच्या त्या दिवशी, पाच वाजता बाबांनी शेवटी एक नवा भाग जोडला.

काही पक्ष्यांत, ते म्हणाले, पिल्लू मोठं होतं, पंखात बळ येतं, पण ते उडून जात नाही. जोडीदार शोधत नाही, घरटं बांधत नाही. आईबापांच्या घरट्यातच राहतं, चारा आणतं, धाकट्या भावंडांना भरवतं. त्याला मदतनीस म्हणतात. शास्त्रज्ञांना हे फार सतावतं. कोणी म्हणतं, भावंडांत आपलंच रक्त असतं म्हणून. कोणी म्हणतं, मोकळं झाड मिळत नाही म्हणून. कोणी म्हणतं, पुढे ती जागा आपल्यालाच मिळेल म्हणून.

मग बाबा थांबले. ही थांबायची जागा तिला माहीत नव्हती.

"मला यातलं एकही पटत नाही," ते रिमोटकडे बघत म्हणाले. आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाला विचारावं तसं, मान वर न करता त्यांनी विचारलं, "तू का राहिलीस? माझ्यामुळे अडकलीस का गं? आई गेली तेव्हा मीच तुला म्हणायला हवं होतं, जा म्हणून."

उत्तर तिच्याजवळ होतं. ते कधीपासूनच होतं आणि फार मोठंही नव्हतं. पण त्या घरात असले धडे घरी वाचायचे असत, आणि घरी ते कोणी वाचत नसे. परीक्षेत एकदम हातची पेन्सिल खाली पडावी तसं झालं.

"चहा गार होतोय बाबा," ती म्हणाली.

चहा अजून टाकलेलाच नव्हता. ती आत गेली, पाणी ठेवलं, ते उकळून अर्धं होईपर्यंत बघत राहिली. कप घेऊन बाहेर आली तेव्हा बाबा एका काटकीला निळा चिमटा लावत होते आणि विषय संपलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर ते माळ्याकडून काटक्या आणायला खाली गेले, दम लागला म्हणून इमारतीच्या पायरीवर टेकले, आणि उठले नाहीत. हॉस्पिटलमध्ये नर्सने तिच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात चष्मा होता, घराची किल्ली होती, आणि खिशातून निघालेले दोन निळे चिमटे होते. तिने ते ओळखले. आपल्याच टोपलीतले.

नंतरच्या दिवसांत घर माणसांनी भरलं आणि सगळ्यांनी मिळून तिचं काय झालं ते तिला सांगायला सुरुवात केली. काकू येणाऱ्या प्रत्येकाला चहाचा कप देता देता सांगत की पोरीने बापासाठी आयुष्य वाहिलं. ग्रंथालयात येणाऱ्या एका चांगल्या गृहस्थांनी लग्नाचं विचारलं होतं, त्यांना नाही म्हणाली, कोणासाठी, तर बापासाठी. येणारे तिच्याकडे असे बघत, की जणू तीच मधोमध फोटोत आहे आणि बाबा समाचाराला आलेत. विमानाने आलेला धाकटा भाऊ तिला जवळ घेऊन म्हणाला, "ताई, आता तरी तू मोकळी झालीस." ती त्याच्या खांद्यावरून टीव्हीसमोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. मोकळी या शब्दाची तिला एवढी भीती कधीच वाटली नव्हती. पाच वाजले की ती काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जायची, कारण बाहेर सोफा होता.

अशात सेक्रेटरींना हॉलची आठवण झाली. तारीख चार दिवसांवर आली होती. ती रद्द करायला गेली तर कारकून म्हणाला, अर्जदाराने स्वतः येऊन सही करायची.

"ते वारले," ती म्हणाली.

कारकून उठून उभा राहिला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. सरांसारखा माणूस नाही, असं तो म्हणाला, डोळे पुसले, आणि खाली बसून म्हणाला की मग मृत्यूचा दाखला लागेल. दाखला मिळेपर्यंत तारीख उलटून जाणार होती. आणि ठरलेला कार्यक्रम झालाच नाही तर इमारतीला पुन्हा हॉल मिळणार नव्हता. सेक्रेटरी सोबत होते. त्यांनी तोडगा काढला, त्याच वेळी तिथेच शोकसभा घेऊ. कारकुनाला विचार पसंत पडला, पण प्रकार बदलायलाही अर्जदाराचीच सही लागत होती. तेव्हा शोकसभा प्रदर्शन व विक्रीत बसवावी लागेल, असं तो अवघडून म्हणाला. आणि मांडलेलं काहीतरी दिसलं पाहिजे.

फलकावर 'पक्ष्यांविषयी चार गोष्टी'च्या वर 'शोकसभा' अशी पट्टी चिकटली. पोपट तसाच राहिला.

कुंज लिफ्टमध्ये मावेना. भाऊ, सेक्रेटरी, माळी असे सगळे खांदा देऊन तो जिन्याने उतरवू लागले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो घट्ट अडकला. वर जाईना, खाली येईना. माळी म्हणाला, एक बाजू छाटतो. भाऊ म्हणाला, छाट. ती वरच्या पायरीवरून म्हणाली, "नाही." आवाज टेबलाच्या पलीकडे गेला की नाही तिला कळलं नाही, पण माळ्याने कात्री खिशात घातली. शेवटी तो आडवा करून, प्रत्येक निळी वस्तू जागच्या जागी ठेवत खाली आला. फक्त हेल्मेट गडगडत पुढे गेलं आणि सेक्रेटरींच्या पायाशी जाऊन थांबलं.

हॉलमध्ये ती पोचली तेव्हा सगळं मांडून झालं होतं, आणि जे मांडलं होतं ते पाहून ती दारातच थांबली. बाबांचा फोटो कुठे ठेवावा याचा सेक्रेटरींनी फार विचार केला होता. सगळ्यांत चांगली जागा त्यांना कुंजाच्या आत दिसली. दोन भिंतींच्या मधोमध, खुर्चीवर, पांढऱ्या फुलांत बाबा बसले होते. "अगदी शोभतात सर," सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले.

ती जागा मादीची होती. हे त्या हॉलमध्ये फक्त तिला माहीत होतं.

पाहुण्यांचीही खिचडी झाली होती. पोपट पाहून आलेली मुलं खडू आणि चित्रांच्या वह्या घेऊन पुढे बसली होती. बाबांचे जुने सहकारी होते. प्रदर्शन व विक्री ऐकून आलेल्या काही बायका रिकाम्या पिशव्या घेऊन होत्या, त्यांतली एक काकूंना हेल्मेट केवढ्याला म्हणून विचारत होती. आणि मागच्या रांगेत, टक्कल पडलेला तो बँकेतला विद्यार्थी एकटाच बसला होता. मागची रांग.

भाषणं सुरू झाली. एकेक जण कुंजासमोर येई, घसा खाकरी आणि बोले. एकाने सरांना आपण नोकरीत कसं सांभाळून घेतलं ते सांगितलं. दुसऱ्याने आपल्या ग्रंथांची नावं सांगितली. सेक्रेटरींनी इमारतीची नवी पाण्याची टाकी आपल्या कारकिर्दीत कशी झाली ते सांगून सरांना आदरांजली वाहिली, आणि बोलताना दोनदा छाती पुढे काढली. दोन भिंतींच्या मधून बाबा चष्म्याआडून सगळ्यांकडे बघत होते. अजून कोणी पसंत पडलेलं दिसत नव्हतं. तिला हसू फुटेल अशी धास्ती वाटली. वडिलांच्या शोकसभेत हसलेली मुलगी म्हणून इमारत तिला कायम ओळखेल. तिने गाल आतून चावून धरला.

"आता सरांची कन्या दोन शब्द बोलेल."

दोन शब्द ठरलेले होते, आभारी आहे. ते बोलून खाली यायचं. पायऱ्या चढताना पर्समधले चिमटे तिने कधी मुठीत घेतले ते कळलं नाही. माइकने एक किंकाळी फोडली आणि प्राण सोडला. तिने ओठ हलवले. मुलांनी चित्रातून मान वर केली.

मागच्या रांगेतून कोणीतरी उठलं. आता हसणार, तिला वाटलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते आता येणार.

"ताई, इथे ऐकू येत नाही," टक्कल पडलेला विद्यार्थी म्हणाला. तो गंमत करत नव्हता. "आणि सर काय सांगणार होते तेवढं सांगा ना. आमचा तो धडा राहिलाय."

तिने कुंजाकडे पाहिलं. हशाची जागा सोडून बाबा कधी इतका वेळ गप्प राहिले नव्हते.

"मादीला अंडं महाग पडतं," ती म्हणाली.

आवाज कुठून आला कोण जाणे. तो तिचा नव्हता, टीव्हीसमोरचा होता. पुढचं वाक्य त्याच्या मागोमाग आलं, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या पुढचं. जिथे बाबा खोकत तिथे ती नकळत खोकली. लैंगिक हा शब्द आला तेव्हा सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले, पण छत कोसळलं नाही. एका मुलीने पोपटाला चोच काढली. मोराच्या शेपटापाशी तिने सेक्रेटरींकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला होता. बाबांनी शब्द दिला होता, तिने मोटरसायकल गाळली. कुंजात मादी उभी राहते आणि बाहेर नर नाचत असतो, हे सांगताना समोर ज्यांची भाषणं झाली होती त्यांनी एकदम फोटोकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि मागच्या रांगेतून हसू आलं. ते फिस्सकन आलं नाही. ते खळखळून आलं, बाबा जिथे थांबून वाट बघत नेमक्या त्या जागी, आणि पिशव्यावाल्या बायकांपर्यंत पसरत गेलं. माणसाचं मूल फार दिवस परावलंबी राहतं म्हणून आईबापांना एकमेकांना धरून राहावं लागतं, हेही तिने सांगितलं. असं म्हणतात, पण असली उत्तरं घडून गेलेल्या गोष्टीला नंतर शिवलेल्या कपड्यासारखी असतात, कुठेही बसतात, हे तिने स्वतःचं घातलं. बाबांना ते आवडलं नसतं. त्यांनी वाद घातला असता.

मग मदतनिसाचा भाग आला.

तो सांगायला लागली आणि हॉल शांत झाला, कारण हळूहळू प्रत्येकाच्या लक्षात आलं की हे कोणाबद्दल चाललंय. काकूंनी आधीच रुमाल काढून ठेवला. भाऊ जमिनीकडे बघू लागला. तिने रक्ताचं उत्तर सांगितलं, झाडाचं सांगितलं, जागेचं सांगितलं. पुढे बाबांनी शिकवलेलं काही नव्हतं. पुढे फक्त तो प्रश्न होता, आणि ती. भीती आता मागच्या रांगेत नव्हती, ती समोर उघड्यावर उभी होती, आणि चहा टाकायला आत जावं असं इथे कुठलं स्वयंपाकघर नव्हतं.

"त्या गृहस्थांना मी नाही म्हटलं," ती म्हणाली, आणि आता आवाज तिचा होता, बारीक, पण हॉल इतका गप्प होता की तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "ते बाबांसाठी नाही, काकू. ते पुस्तकाची पानं दुमडायचे."

काकूंचा रुमाल अर्ध्यावर थांबला.

कोणी हसलं असेल, नसेल. ती तोवर लोकांकडे पाठ करून कुंजाकडे वळली होती. मुठीतले दोन चिमटे तिने एका काटकीला लावले, आणि दोन भिंतींच्या मधे बसलेल्या माणसाला, घरी पाच वाजता ज्या आवाजात ती त्यांच्याशी बोलायची त्या आवाजात, म्हणाली,

"बाबा, मी अडकले नव्हते. मला तुमच्याबरोबर राहायला आवडत होतं."